शेलूची गवळण

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका एकाच गाण्यामागे हिंडलेला माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. खालापूरजवळ त्यांची भातशेती होती, दारात बैलजोडी होती, घर माणसांनी भरलेलं होतं. पण जीव सगळा एका भजनी बुवांत. बुवांचं मंडळ माझ्या जन्माआधीपासून गावोगाव भजनं करत होतं. त्यांनी स्वतः बांधलेली एक गवळण होती. ती ते प्रत्येक भजनात गात आणि दोनदा सारखी कधीच गात नसत. वाटेल तिथे वळवत, एखादा शब्द आवडला की त्याच्यावरच रेंगाळत. बाकीचे लोक ऐकून घरी जात आणि झोपत. सासऱ्यांना मात्र कुठली गवळण कुठे आणि कशी झाली, ते सगळं पाठ असे.

ताईला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्या वडिलांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्या गावात बुवांची गवळण झाली हाय का?" वडील म्हणाले, झाली आहे, मागच्या सप्ताहात. "मंग मी होतो की! ब्येस झाली, पन दुसऱ्या कडव्याला बुवांनी घाई केली." एवढ्यावर सोयरीक जमली. देण्याघेण्याचं बोलणं त्यांच्या भावाने केलं.

त्यांच्या मते आजवरची सर्वांत थोर गवळण शेलू गावात झालेली. तिथे बुवा ऐन रंगात असताना स्टेशनातून गाडीने शिट्टी दिली आणि बुवांनी तोच सूर उचलून अशी तान घेतली, की पखवाजवाला वाजवायचं विसरला. पुढे कुठलीही गवळण झाली की सासरे मान हलवून म्हणत, "चांगली हाय, पन शेलूची नाय." एकदा कुंभिवलीला हायवेवरच्या ट्रकने हॉर्न दिला. बुवांनी मिश्कीलपणे सासऱ्यांकडे बघत तोही सूर उचलला. लोक हसून लोळले. सासरे गंभीर. परतताना मला म्हणाले, "पावनं, ट्रक बेसुरा व्हता. त्यात बुवांचा काय दोष?"

आश्चर्य म्हणजे बुवांना याचा राग नव्हता. गवळण संपली की ते आधी सासऱ्यांकडे बघत. "काय पावनं?" असं विचारत आणि "दुसरं कडवं जड झालं" असं तोंडावर ऐकूनही घेत. मंडळातली पोरं चिडत, तर बुवा त्यांनाच गप्प करत.

मग बुवांच्या घशाचं दुखणं निघालं. वर्षभर मंडळ त्यांच्याशिवायच फिरलं. बरे झाल्यावर ते सासऱ्यांच्याच गावी, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या भजनाला आले. भर दुपार होती, देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बुवांनी गवळण धरली आणि आवाज पहिल्याच ओळीत फाटला. त्यांनी पुन्हा धरली. तान घ्यायला गेले, तिथे नुसती हवा आली. टाळकऱ्यांनी आपले आवाज चढवून कशीबशी ती पार नेली.

संपल्यावर बुवांनी सवयीने सासऱ्यांकडे बघितलं. "काय पावनं?"

सगळं देऊळ सासऱ्यांकडे वळलं. मला धडकी भरली, कारण या माणसाने गवळणीबाबत खुद्द बुवांचीही भीड कधी ठेवली नव्हती. सासरे उठले, टोपी सारखी केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शेलूच्या वर झाली, बुवा. आजवरची एक नंबर."

बुवा म्हणाले, "तुमी पन खोटं बोलाया लागलात व्हय?"

"मंग काय करू?" सासरे म्हणाले. बुवाच उठून त्यांच्याजवळ आले. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून हसले, नंतर उपरण्याने डोळे पुसत बसले. काल्याची हंडी फोडायची कुणाला आठवण राहिली नाही.

बुवा त्यानंतर गायले नाहीत, आणि वर्षाच्या आत गेलेही. मंडळ त्यांच्या पुतण्याने चालवलं. पोराचा गळा गोड होता, लोक नावाजत होते. सासरे प्रत्येक भजनाला जात, पहिल्या रांगेत बसत, पखवाजवाल्याला दादही देत. फक्त गवळण सुरू व्हायच्या जरा आधी उठून बाहेर येत. आत गवळण रंगलेली असे, आणि हे पायरीशी उभे राहून कुणा येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असत, "काय रं, भात कसं हाय यंदा?"