थोरलीची झोप आणि सासूची अफू

अंगणात मोहफुलं वाळत घातली की त्यांचा गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो अन् मले माझी सासूच आठवते. आमची थोरली तेव्हा दीडेक वर्षांची होती. बायको पहाटेच मोह वेचायला रानात जायची, पोरगी दिवसभर झाडाखाली झोळीत निजायची आणि रात्री दिवा विझला की तिची किरकिर सुरू. सरकारी ठेक्याच्या दुकानात तेव्हा अफू उघड मिळायची. सासू गोळी घेऊन आली. "जवाई, इतकुशी चाटवा. साऱ्या गावची लेकरं अशीच निजतेत." मी म्हटलं, "मामी, माही पोरगी नशेत निजणार नाई." "मंग जागा तुमी!" दुसऱ्या दिवशी मी झोळीच सोडून टाकली. पोरीला खांद्यावर घेऊन रानभर हिंडलो, पेंगली की ओढ्याचं पाणी तोंडावर शिंपडलं, टोपलीत फुलं टाकायला लावली. ती रडली, बायको माझ्यावर चिडली. दिवेलागणीला भाताचा घास तोंडात असतानाच पोरगी जी झोपली, ती कोंबडा आरवल्यावर उठली. मी मिशीला पीळ देत अंगणात आलो, तर सासू शेजारणीला सांगत होती, "काल मीच मीठमिरचीनं नजर उतरवली, म्हनून निजलं लेकरू!" आता ती पोरगी स्वतः सासू झाली, तरी आपल्या नातवंडांना आजीच्या मीठमिरचीचीच गोष्ट सांगते. मी खाटेवरून ओरडतो, पण ऐकते कोण?