खाडीतली पावलं

"हे त आपल्या इहिरीचंच पानी हाय!" खाडीत बुडवलेलं बोट जिभेला लावून काकू म्हणायच्या, आणि आमची सगळी मंडळी हसायची. भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यात जन्म गेलेल्या बाईला खाऱ्या पाण्याचं काय नवल!

घरची फुलशेती. शेवंती, झेंडू घेऊन त्या अमरावतीच्या बाजारात बसायच्या. मी दर हिवाळ्यात इथून कोकणात सहल नेते. कांदळवनातून होड्या वल्हवायच्या, पक्षी बघायचे. काकूंनी एकही सहल चुकवली नाही. पुढच्या होडीतून मागच्यांवर ओरडायच्या, "काहून झोपून राहिले? मारा ना हात!"

फार उशिरा त्यांनी मला कारण सांगितलं. त्यांचा नवरा मित्रांसोबत याच खाडीत आला होता. नाव उलटली. बाकीचे निघाले, तो सापडलाच नाही.

"मेलेला पायला नाई, मंग रडू काय?" त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात, ऐन दुपारी, आम्ही दोघी ओहोटीच्या चिखलात उतरलो. वारा पडलेला. एकही पक्षी बोलत नव्हता. चार पावलं चालून मागे वळलो, तर कांदळवनातून थेट आमच्या होडीपर्यंत अनवाणी पावलं उमटलेली. ताजी. आलेली होती, परत गेलेली नव्हती. उजव्या पायाला करंगळी नव्हती.

काकू खाली बसल्या. "कुऱ्हाडीनं तुटली होती त्याची," हळूच म्हणाल्या, आणि उठून झाडांकडे चालू लागल्या.

"काकू, पाणी चढतंय! चला!"

"तू जाय माय. तो इतक्या लांबून आला."

मी त्यांना अक्षरशः ओढून होडीत बसवलं. वाटभर त्या मागे तोंड करून बसल्या होत्या. मधूनच मान हलवत, हसत. मागून कुणी येत असावं, तशा.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, आई तुमच्यासंग हाय का? परवापासून घरी नाई."

कोकणात आम्ही ज्यांच्याकडे उतरतो, त्या बाईंना मी फोन लावला.

"होय, सकाळीच इली," त्या म्हणाल्या. "घोव पण वांगडा असा. दोगांय आताच खाडीर गेली."

"नवरा सोबत आहे?" मी ओरडले.

मुलाला घेऊन मी पोचले, तोवर शोधाशोध होऊन गेली होती. काकू आजवर मिळालेल्या नाहीत. खोलीत त्यांची पिशवी होती. अंगणातल्या दोरीवर त्यांचं लुगडं उन्हात कडकडीत वाळलं होतं. शेजारी एका पुरुषाचा सदरा होता. मुलाने तो हातात धरला, कॉलरवरची अमरावतीच्या शिंप्याची पट्टी पाहिली.

"बाबाचा हाय," तो म्हणाला.

सदऱ्यातून अजून पाणी ठिबकत होतं.