बाबाचा एक डायलॉग

माझ्या बाबाला टीव्हीवर एक डायलॉग मिळाला होता. मुरुडला आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना ही गोष्ट पहिलं जेवण संपायच्या आत कळायचीच. मी सोलकढी वाढत असायचे आणि बाबा दाराच्या चौकटीला टेकून सांगत असायचा.

मालिका जुनी, हिंदी, एका बाई गुप्तहेराची. तिचा एक भाग आमच्या किनाऱ्यावर चित्रित झाला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. बाबा तरुण होता, स्वतःची होडी होती. बाई त्याच्यासमोर उभी राहून विचारते, इथं कुणाला पाहिलंस का? आणि बाबा म्हणतो, "नहीं मेमसाब, मैंने किसी को नहीं देखा." एवढंच. तो भाग लागला त्या दिवशी नेमकी आमच्या पाड्यातली लाइट गेली होती. त्यामुळे तो कुणी पाहिलाच नाही, बाबानेही नाही. पण ते वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मला ते आमच्या घरातल्या भांड्याकुंड्यांसारखं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचं एक मध्यमवयीन जोडपं आलं. दोघं मोबाइल टीव्हीला जोडून जुन्या मालिका बघत बसायची. दुपारी मी चहा घेऊन गेले तर काकू म्हणाल्या, "अहो, बघा, हे तुमचंच गाव दिसतंय. आमच्या लहानपणी ही मालिका लागली की रस्त्यावर माणूस नसायचा."

पडद्यावर आमचा किनारा होता, मागे जंजिरा. आखूड केसांची ती बाई वाळूतून चालत होती. बाबा मासळी आणायला गेला होता. त्याला बोलावून आणायला हवं होतं, पण तेवढ्यात काही चुकेल म्हणून मी ट्रे धरून तशीच उभी राहिले.

किनाऱ्यावर एक प्रेत लागलं होतं. एक हडकुळा तरुण त्याच्याजवळ वाकला, काहीतरी उचललं, इकडेतिकडे बघून खिशात घातलं. तो माझा बाबा होता. मग बाईने विचारलं आणि तो म्हणाला, "नहीं मेमसाब, मैंने किसी को नहीं देखा." आवाज बाबाचा नव्हता. दुसऱ्याच कुणाचा तरी, घोगरा, लबाड आवाज त्याच्या तोंडी घातला होता. बाईने तोंड वळवून सोबतच्या माणसाला म्हटलं, हा खोटं बोलतोय. पुढे बाबा धावत सुटला आणि पोलिसांनी त्याच्या खिशातून मेलेल्या माणसाची अंगठी काढली.

काका हसले. "काय चेहरा शोधलाय, अगदी अट्टल चोर."

"इथलाच असेल ना हा?" काकूंनी मला विचारलं. "ओळखता का?"

"नाही हो," मी म्हणाले. "कुणी बाहेरचा असेल. मुंबईहून आणला असेल."

हे म्हणून मी वळले तर दारात बाबा उभा होता, हातात बांगडा मासळीची पिशवी. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. काकूंचंही लक्ष गेलं. त्या बाबाला म्हणाल्या, "काका, तो माणूस थोडा तुमच्यासारखा दिसतो हो."

"व्हय," बाबा म्हणाला. "म्हणतात लोक."

आणि तो मासळी साफ करायला मागच्या दारी गेला.

माझं खोटं त्याने असं सहज उचलून स्वतःच्या अंगावर घेतलं. मी कितीतरी वेळ चहाचे कप विसळत राहिले. मागे जायचा धीर होईना.

शेवटी गेले. तो मासे कापत होता. "शूटिंगला मना काय सांगितलं म्हाईत हाय?" मान वर न करता तो म्हणाला. "शिंपला उचल नि खिशात टाक. मी शिंपलाच उचललेला. मंग म्हणले, भरती आली, होडीकडं धाव. मी धावलो. अंगठी नि पोलीस, ह्यातलं कोणी बोललंच न्हाय."

"बाबा, मी मघाशी..."

"लाज वाटली तुला. मनापन वाटली." त्याने पाणी ओतून फळी धुतली. "जा, भात बघ."

रात्री पाहुणे जेवताना तो दाराशी आला नाही.

सकाळी नाश्त्याला मी काकूंसमोर घावनं ठेवली आणि सांगून टाकलं, "काल मी खोटं बोलले. तो माणूस माझा बाबा आहे." पुढे शिंपल्याचंही सांगितलं. काका खाता खाता थांबले आणि ताटाकडे बघत राहिले. काकू उठल्या, मागच्या दारी गेल्या. बाबा जाळं सांधत बसला होता. त्या तिथल्या पायरीवर बसल्या.

"काका, ती बाई प्रत्यक्षात कशी होती हो?"

बाबाने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"चांगली होती," तो म्हणाला. "पण होडीत बसली की उलट्या करायची. मीच धरायचो तिला."

काकू हसल्या, त्यांच्यासोबत तोही थोडा हसला. ते लोक गेले, त्यानंतर बरेच पाहुणे येऊन गेले. त्या बाईच्या उलट्यांची गोष्ट बाबा अजून कधीमधी सांगतो. डायलॉग मात्र त्याने पुन्हा म्हटला नाही, आणि म्हण असं मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू?