काळीच्या डोळ्यातला नाग

इनास परेराचा धंदा घोड्यांना नाल ठोकण्याचा, पण कल्याण स्टेशनाबाहेरचे टांगेवाले त्याला ओळखत ते दुसऱ्याच कामासाठी. घोड्याच्या डोळ्यात जंत झाला की इनास जनावराला दोरांनी आडवं पाडायचा आणि बुबुळाच्या कडेला बारीक नस्तर मारायचा. डोळ्यातल्या पाण्याबरोबर पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. मात्र उशीर झाला, की डोळा गेलाच.

आषाढात गोपाळ टांगेवाल्याच्या काळ्या घोडीच्या डाव्या डोळ्यात असाच जंत वळवळताना दिसला. गोपाळच्या आईने ठरवलं, नाग बसलाय. मग काय, नागपंचमीची पूजा होईस्तोवर शस्त्र लावायचं नाही! वर ती रोज त्या डोळ्यात दूध घालू लागली.

"अगं म्हातारे, किडा आहे तो!" इनास ओरडला.

"तू किरिस्ताव. तुला नाग काय कळणार?"

पंचमीनंतर गोपाळने घोडी आणली, तेव्हा डोळा शिंपल्यासारखा पांढरा झाला होता. इनासने नस्तर पेटीतून काढलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात मोहने गावाच्या वाटेवर घोडी आंधळ्या बाजूने ओढ्यात कोसळली. तिच्यासोबत गोपाळही जिवानिशी गेला.

मेल्या घोडीचे नाल काढायला इनासलाच बोलावलं. पहिला नाल निघाला, तोच म्हातारीने पदर पसरला.

"मला दे रे. काळ्या घोडीचा नाल दाराला असला की इडापिडा येत नाही. नातवंडं लहान आहेत."

इनासने तो तिच्या पदरात टाकला.