दव असेपर्यंतची आग

आगीला वळण लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. खारघरच्या डोंगरावरच्या पाड्यातून ती, मी सेक्रेटरी आहे त्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी रानभाजी विकायला येते. आम्ही तिला मावशी म्हणतो. ती वॉचमनपासून त्याच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना ‘दादा’ म्हणते. टाकळा कसा परतायचा याची तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय जुडी देत नाही. माझी बायको दोनदा नापास झाली आहे.

पण तिचा खरा उद्योग दिवाळीनंतरचा. डोंगरात त्यांच्या पाण्याचा झरा आहे. त्याच्या माथ्यावरच्या झाडीभोवती वाळक्या गवताचा अरुंद पट्टा ती सकाळीच, मुळाशी दव असताना पेटवते आणि हातात ओली डहाळी घेऊन मागोमाग आगीला सुनेसारखं दटावत चालते. “हळू गं! तिकडं कुठं निघालीस? झाडाला हात नाय लावायचा!” आणि आग, देवाशपथ, ऐकते. फिरायला गेलो असताना हे पाहून मी विचारलं, तर म्हणाली, “आता वाईच खायला घातलं का उन्हाळ्यात उपाशी येत नाय ती. झाड राह्यलं तर पानी राहतं, दादा.”

मी मान डोलावली, घरी आलो, बाल्कनीतली राख पाहिली आणि वनखात्याला तक्रार धाडली. खाली नाव नाही; नुसतं ‘एक निसर्गप्रेमी रहिवासी’. मावशीला दिवसभर कचेरीत बसवून ठेवलं. पुढच्या हिवाळ्यात तिने काडी ओढली नाही. उन्हाळ्यात वणवा आला, झाडी करपली, पावसात माती वाहून झरा बुजला. मग मावशी हंडा घेऊन आमच्याच फाटकावरच्या नळाशी येऊ लागली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, “ह्यो सेक्रेटरीदादा लई चांगला, पानी देतो.” ते ऐकायला लागू नये म्हणून मी वर्षभर मागच्या गेटने ये-जा केली.

शेवटी एकदा बोललो. “मावशी, ती तक्रार माझी होती.”

“ठाव हाय. त्या टायमाला डोंगरावर तुझ्याबिगर कोन आलता इचारायला?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू कवा बोलतो ते बघत व्हते. आता दिवाळी झाली का ये. डहाळी धराया मानूस पायजे.”

वनखात्याला दुसरं पत्र लिहिलं, या वेळी नावानिशी. वनरक्षक स्वतः पाहायला आला, परवानगी मिळाली. पाड्यातल्यांबरोबर मीही झऱ्यातला गाळ उपसला. दोन हिवाळे झाले, मी मावशीमागून डहाळी घेऊन चालतो. आगीपेक्षा जास्त ओरडा मीच खातो, आणि इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. करपलेल्या बुंध्यांना फुटवे आलेत. मावशीचे गुडघे मात्र आता चढावर कुरकुरतात.

परवा ऐन वैशाखात ती करवंदं घेऊन फाटकाशी आली. डोक्यावर टोपली होती, हंडा नव्हता. मी नळाकडे पाहिलं. तिने पाहिलंसुद्धा नाही.