अक्काचा चुरगळलेला कागद

माझी बी.एस्सी.ची पदवी बाहेरच्या खोलीत चौकटीत टांगलेली आहे. पाहुणे कौतुक करतात आणि मला अजून राग येतो. आधी वडलांचा, मग स्वतःचा. वयाबरोबर राग निवतो म्हणतात; माझे केस तेवढे गेले.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचं घराणं बंगळुरात पिढ्यान्पिढ्या मुरलेलं. वडलांना आम्ही अण्णा म्हणत असू, थोरल्या बहिणीला अक्का; ती मला तम्मा म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. आई संधिवातानं अंथरुणाला खिळली तेव्हा अक्काचं शाळेचं एक वर्ष बुडालं, म्हणून आम्ही दोघं एकदमच मॅट्रिक झालो. तिला गुण भरपूर पडले. मला पडले, एवढंच म्हणू. कॉलेजात मात्र एकच जण जाणार. दुसऱ्यानं आईचं आणि चुलीचं बघायचं. चूल माझ्या वाट्याला येईल हे घरात कुणाच्या, म्हणजे माझ्याही, स्वप्नात नव्हतं. पण अक्का अडून बसली. अण्णांना आपल्या न्यायीपणाचा फार अभिमान. म्हणाले, मी एक प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर बरोबर तो जाईल.

आम्ही तेव्हा गच्चीवर होतो. आनेकलच्या मामांकडून रागीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं आलं होतं आणि अक्का स्टुलावर उभी राहून सुपातून ती वाऱ्यावर उफणत होती. दाणे सरळ खाली चादरीवर, फोलपटं शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या धोतरांवर. अण्णांनी खिशातून एक नाणं आणि एक कागद काढला. वरून सोडले तर आधी काय पडेल, आणि का?

मी घाईनं सांगितलं, नाणं, जड असतं म्हणून. अण्णांनी मान डोलावली. त्यांचंही मत तेच होतं.

अक्का खाली उतरली. कागदाचे दोन सारखे तुकडे केले, एकाची चुरगळून गोळी केली आणि आडोशाला जाऊन दोन्ही एकदम सोडले. गोळी टपकन पडली. दुसरा तुकडा डुलत, गिरक्या घेत, सवडीनं आला.

"वजन दोघांचं एकच आहे, अण्णा," ती म्हणाली. "पसरलेल्याला हवा जास्त अडवते. फोलपटालाही तशीच धरते. हवाच नसती तर नाणं न् कागद बरोबर पडले असते."

अण्णा म्हणाले, मी नाण्याचं विचारलं होतं, हा पोरखेळ कुणी सांगितला? निकाल लागला. गोळी पडताना मी या डोळ्यांनी पाहिली होती. मी काय केलं? ती उचलली आणि कठड्यावरून खाली टाकली. पुरावा नको.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी दोन कागद घेतले, एक चुरगळला, दोन्ही सोडले आणि कारण विचारलं. माझा हात वर गेला. अक्काचं उत्तर मी जसंच्या तसं दिलं. फोलपटं तेवढी वगळली, त्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. शाबासकी मिळाली. कुठं शिकलास, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पुस्तकात.

घरी आल्यावर अक्काला सगळं सांगितलं. ती चुलीवर रागीची मुद्द, पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, घोटत होती. "पुस्तकाचं नाव नाही वाटतं विचारलं?" ती म्हणाली. मान वर केली नाही.

मी तसाच अण्णांपुढे गेलो आणि जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. अक्काचं उत्तर बरोबर होतं, प्राध्यापकही तेच म्हणतात. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"त्या प्राध्यापकांच्या घरी चूल कोण पेटवतं, तेही विचारून ये."

म्हणजे उत्तराचा प्रश्नच नव्हता. कधीच नव्हता. मी तणतणत स्वयंपाकघरात आलो आणि जाहीर केलं की उद्यापासून कॉलेज बंद. पातेल्यातला लाकडी दांडा अक्कानं माझ्याकडे रोखला.

"तू घरी बसलास म्हणून मला कोण पाठवणार आहे, तम्मा? गुमान जायचं. रोज संध्याकाळी इथं बसून काय शिकवलं ते सांगायचं. स्वल्पसुद्धा गाळायचं नाही."

चार वर्षं मी त्या पाटावर बसून शिकलेलं ओकलो. ती घोटता घोटता माझ्या चुका काढी. परीक्षेत मी तिचीच वाक्यं लिहिली आणि कसाबसा पास झालो. पदवीवर नाव माझं आहे. अण्णांनी स्वतः खिळा ठोकून ती टांगली. स्टूल अक्कानं धरलं होतं.