संघपालने उघडलेला खड्डा

संघपाल मोताळा तालुक्यात स्वच्छता मोहिमेचा कंत्राटी प्रचारक आहे. बुलढाण्याला बी.ए. झाला, तेव्हापासून हेच काम. धामणगाव बढेजवळच्या त्याच्या गावात घरोघरी संडास आहेत, पण ते पाहुण्यांसाठी नि आजाऱ्यांसाठी राखून ठेवलेले. खड्डा भरला तर उपसणार कोण, ही धास्ती. बाकीचे नाल्याकडे जातात.

खड्डे दोन असतात, एक भरला की मधल्या चेंबरमधली वीट सरकवून दुसरा चालू करायचा, पहिल्यात वर्षभराने खत होतं, हे संघपालने अनेक बैठकांत सांगितलं. लोक माना डोलवायचे. शेवटी शाळेतल्या संडासाचा जुना, बंद खड्डा सगळ्यांसमोर उघडून दाखवायचं त्याने ठरवलं.

वडिलांनी, इंद्रभान यांनी, अडवलं. त्यांच्या वडिलांनी मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं होतं, तेव्हा गावाने त्या घराशी व्यवहार तोडला होता. ते म्हणाले, "तू फावडं धरलं का लोकं खत नाही पाहत. तुले पाहतीन."

संघपालने ऐकलं नाही. खड्ड्यातली काळी, भुसभुशीत माती त्याने ओंजळीत घेऊन हुंगून दाखवली. कुणी हात लावला नाही. फोटो मात्र काढले.

मग अर्जुनरावांचा फोन आला. ते गावातले मोठे शेतकरी. आईचे गुडघे गेल्यापासून ती संडासातच जायची, त्यामुळे खड्डा भरला होता. वीट सरकवा, एवढंच काम आहे, असं संघपालने समजावलं.

"येऊन जाय ना बे," अर्जुनराव म्हणाले. "तुले तं आता सवय हाय."

तो गेला नाही. आठवडाभरात आणखी एक माणूस थेट त्याच्या दारात आला. संघपाल घरी नव्हता. पोरगा कुठी गेला, खड्डा उपसाचा होता, असं त्याने इंद्रभान यांनाच विचारलं. तेव्हापासून बाप मुलाशी कामापुरतंही बोलत नाही.

अर्जुनरावांच्या संडासाला कुलूप लागलं. त्यांची बायको पुष्पाबाई सासूला दंडाला धरून नाल्याकडे नेते. म्हातारी वाटेत दोनदा बसते. एका सकाळी बैठकीला जाणारा संघपाल समोर आला, तेव्हा पुष्पाबाईंनी त्याला थांबवलं.

"इटच तं सरकवाची हाय, भाऊ."

"मंग अर्जुनरावले सांगा," संघपाल म्हणाला.

त्या सासूला उठवून पुढे निघाल्या.